रंधा किती रुपयांचा असावा?

सुताराचे हत्यार सुंदर असावे का? आणि असावे, तर त्या सुंदरपणाचे किती पैसे मोजावेत? प्रश्न वाचून काहींना हसू येईल. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हातोडी, पक्कड आणि एखादा गंजलेला स्क्रू-ड्रायव्हर यापलीकडे हत्यारे नसतात. सुतारकाम निघाले की मिस्त्री आपल्या पिशवीतून सगळे घेऊन येतो. त्याच्या रंध्याची किंमत आपण कधी विचारत नाही. मजुरी मात्र दोनदा विचारतो.

गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पाश्चात्त्य देशांत हाताने चालवायच्या सुतारी हत्यारांची एक वेगळीच बाजारपेठ उभी राहिली आहे. विजेची यंत्रे आली, हातकरवती आणि हातरंधे अडगळीत गेले, आणि नेमके तेव्हाच ही हत्यारे पोटासाठी नव्हे तर आवडीसाठी वापरणारा एक वर्ग तयार झाला. अमेरिकेतील मेन राज्यात 1981 साली टॉमस ली-नील्सन यांनी रंधे बनवायला सुरुवात केली. 1983 साली ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे जॉन इकोनोमाकी यांनी ब्रिज सिटी टूल वर्क्स ही कंपनी काढली. इकोनोमाकी हे स्वतः फर्निचर बनवणारे. लाकडाच्या भुशाची ॲलर्जी जडल्यामुळे त्यांना तो व्यवसाय सोडावा लागला आणि ते हत्यारे बनवण्याकडे वळले. पितळ आणि शिसव यांचे त्यांचे गुण्ये आणि रंधे पाहिले तर ते सुताराच्या पेटीतले आहेत की सोनाराच्या, असा प्रश्न पडावा. काही हत्यारे मर्यादित संख्येत निघत, त्यांच्यावर त्या वर्षाची खूण असे, आणि किंमत हजार डॉलरांच्याही पुढे जाई. 2018 साली ती कंपनी चीनमधील हार्वे या कंपनीकडे गेली. स्कॉटलंडमध्ये कार्ल होल्टे नावाच्या कारागिराने एकेक करून घडवलेल्या रंध्यांना तर काही हजार पौंड मोजणारे ग्राहक होते.

हे सारे दूरचे वाटेल. पण आपल्या धर्मग्रामातील एका कुटुंबात सध्या हाच विषय चालू आहे. घरचे गृहस्थ नोकरीतून निवृत्त झाले, ओसरीवर त्यांनी सुतारकामाचे मेज मांडले आणि लाकडाशी त्यांची मैत्री जमू लागली. त्यांचा कॅनडातील मुलगा नाताळला घरी येताना ब्राँझचा एक रंधा आणतो म्हणाला. आपल्या पैशांत किंमत तीस-पस्तीस हजारांच्या घरात. मुलाने निम्मे द्यायचे, वडिलांनी निम्मे. बाईंचे म्हणणे असे, की स्वयंपाकघरातल्या ओट्याखालची दारे कुजून गेली आहेत, आधी ती करा. दोघेही शहाणे आहेत, म्हणून भांडले नाहीत. तुम्हीच काय ते सांगा, असे म्हणून त्यांनी प्रश्न आमच्याकडे सोडला. नवरा-बायकोच्या मध्ये पडू नये एवढे आम्हाला कळते. परंतु प्रश्नात पडायला हरकत नाही.

आधी रंधा करतो काय, ते पाहू. एका चपट्या तळातून पोलादी पाते केसभर बाहेर डोकावते आणि फळीवरचा पातळ पापुद्रा सोलून काढते. एवढेच. ते नीट व्हायचे तर पात्याला धार हवी, पाते आपल्या जागी घट्ट बसून थरथरणार नाही असे हवे, तळ सपाट हवा आणि पाते केसाएवढे मागेपुढे करता आले पाहिजे. अमेरिकेत लिओनार्ड बेली यांनी एकोणिसाव्या शतकात ही पाते सरकवण्याची युक्ती लोखंडी रंध्यात बसवली. 1869 साली स्टॅन्ले कंपनीने त्यांचे हक्क विकत घेतले, आणि तेव्हापासून जगात जे लोखंडी रंधे बनले त्यांतले बहुतेक त्याच घडणीचे आहेत. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात दोन-अडीच हजारांत मिळणारा भारतीय रंधाही त्याच घराण्यातला.

मग दोन हजारांच्या आणि तीस हजारांच्या रंध्यात फरक नाही का? आहे, आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. स्वस्त रंध्याचा तळ बहुधा पूर्ण सपाट नसतो. तो काचेवर पॉलिशपेपर चिकटवून घासून घ्यावा लागतो. पाते सरकवायचा स्क्रू ढिला असतो, अर्धा फेरा नुसताच फिरतो. पात्याचे पोलाद पातळ, त्याची धार लवकर जाते. साधे बीड हातातून फरशीवर पडले तर तडकते. ली-नील्सन यांचे रंधे स्टॅन्लेनेच एके काळी काढलेल्या बेडरॉक या वरच्या प्रतीच्या नमुन्यावर आधारलेले आहेत. त्यांचे बीड सहज न फुटणारे, पाते जाड आणि तळ कारखान्यातच घासून सपाट केलेला. पेटीतून काढा, धारेवर शेवटचा हात फिरवा आणि कामाला लागा. ब्राँझचा एक फायदा तर आपल्या किनारपट्टीवर विशेष लागू पडतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत एवढा दमटपणा असतो, की बिडाचा रंधा आठवडाभर न पुसता ठेवला तर तळाला तांबूस गंज चढतो. ब्राँझला तो चढत नाही. पाते मात्र पोलादीच, त्यामुळे तेलाचे फडके काही सुटत नाही.

म्हणजे किमतीच्या पहिल्या टप्प्यात वाढत्या पैशाला वाढते काम मिळते. पुढे काम तेवढेच राहते आणि पैसा वाढत जातो. ही सीमा नेमकी कोठे आहे? याविषयी एक घटना फार बोलकी आहे. लाकडाच्या रेषा उलटसुलट असल्या की रंधा चालवताना फळी उचकटते, खड्डे पडतात. यावर उपाय म्हणून जड, अरुंद तोंडाचे, पाते अधिक उभे बसवलेले खास रंधे घ्यावेत असा समज हौशी मंडळींत बळावला होता, आणि असे रंधे महाग असतात. जपानमधील यामागाता विद्यापीठातील कावाई आणि कातो या दोन प्राध्यापकांनी पाते लाकूड कापताना काय घडते त्याचे अगदी जवळून चित्रण केले होते. 2012 च्या सुमारास ते चित्रण इंग्रजी जाणणाऱ्या सुतारांपर्यंत पोचले. त्यात दिसले ते असे: पात्याच्या पाठीवर जी दुसरी लोखंडी पट्टी असते, तिची कड धारेपासून एक-दोन दशांश मिलिमीटरवर आणून बसवली, तर निघणारा पापुद्रा तिथेच मोडतो आणि लाकूड उचकटत नाही. ही पट्टी अठराव्या शतकापासून रंध्यांना आहे. दोन हजारांच्या रंध्यालाही आहे. अनेकांनी ज्या गोष्टीसाठी शेकडो डॉलर मोजले, ती गोष्ट त्यांच्या जुन्या रंध्यात पडूनच होती, फक्त सरकवून बसवायची होती. जुने कारागीर ती सरकवत असत. हौशी मंडळींना ते सांगायला कोणी उरले नव्हते.

आम्हाला ही गोष्ट या सगळ्या विषयाची किल्ली वाटते. हत्यार महाग होत जाते तेव्हा पुष्कळदा आपण शिकवणाऱ्याची उणीव पैशाने भरून काढत असतो.

येथे एक विरुद्ध टोकाची गोष्टही बोलली पाहिजे, नाही तर आमचे लिहिणे एकांगी होईल. साधेपणाचे गुणगान करणाऱ्यांना स्वस्त हत्यार फार आवडते. मुख्यतः ते दुसऱ्याच्या हातात असते तेव्हा. रोजंदारीवर जाणारा मिस्त्री रस्त्यावरच्या गाडीवरून स्वस्तातली पटाशी घेतो. सागाच्या दोन भोकांत तिची धार जाते. तिसऱ्या भोकाला तो जोर लावतो, पटाशी निसटते आणि अंगठा फाटतो. उपदेशक या पुस्तकात लोखंड बोथट झाले आणि त्याला धार लावली नाही तर अधिक बळ खर्चावे लागते, अशा अर्थाचे एक व्यवहारी वचन आहे. ते लिहिणाऱ्याने बोथट कुऱ्हाड स्वतः चालवली असावी असे आमचे मत आहे. स्वस्त हत्याराची उरलेली किंमत गरीब माणूस घामाने, वेळाने आणि कधी रक्ताने भरतो. त्याने चांगल्या पोलादाच्या पटाशीला चार पैसे जास्त दिले तर ती चैन नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनी गरजेचे दोन प्रकार सांगितले आहेत: ज्यावाचून माणूस जगत नाही ती, आणि ज्यावाचून त्याला आपल्या स्थितीला, आपल्या जबाबदारीला साजेसे राहता येत नाही ती. मिस्त्रीला चांगली पटाशी ही दुसऱ्या अर्थाने नक्कीच गरज आहे. अंगठ्याचा विचार केला तर पहिल्याही. तीच पटाशी आमच्यासारख्याच्या घरी आली, तर तिला गरज म्हणताना आमची जीभ अडखळेल.

इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी स्पायर्स, नॉरिस यांसारख्या कारागिरांचे लोखंड आणि शिसव यांचे जड रंधे विकले जात. तेव्हाही ते महाग होते. तरी पगारावर काम करणारे फर्निचरवाले ते घेत आणि पुढे हयातभर वापरत. त्यांनी पैसे उधळले असे कोण म्हणेल?

आता खरा प्रश्न. कामाला लागते त्यापलीकडचा जो पैसा, पितळेच्या नक्षीचा, शिसवाच्या मुठीचा, वर्षाच्या शिक्क्याचा, तो खर्च करावा का?

त्याच्या बाजूने नेहमी जे बोलले जाते त्यात "माझा पैसा आहे, मी काहीही करीन" हे एक असते. त्यावर आम्ही वेळ घालवत नाही. दुसरे म्हणणे विचार करण्याजोगे आहे. असे हत्यार घडवणारीही माणसेच आहेत. त्यांच्याकडून कोणी विकत घेतले नाही, तर धातूचे इतके बारीक काम करणारे हात जगातून नाहीसे होतील. हे खरे आहे. देवालयाच्या वेदीवरचे कोरीव काम, जुन्या व्यासपीठावरची नक्षी, हेही 'कामापुरते' नव्हते. कोणी तरी गरजेपलीकडचा पैसा दिला म्हणूनच ते झाले. "एवढ्या पैशांत गरिबांचे किती भले झाले असते" हे वाक्य शुभवर्तमानात कोणाच्या तोंडी आहे, तेही आपण विसरू नये. बेथानीत मरियेने जटामांसीचे मोलाचे तेल प्रभूच्या चरणांना लावले तेव्हा तीनशे दिनारांचा हिशेब यूदासने मांडला होता, आणि प्रभूने त्या स्त्रीची बाजू घेतली. तेव्हा कोणाच्याही सुंदर वस्तूकडे पाहून लगेच गरिबांच्या नावाने बोट दाखवणाऱ्याने थोडे जपून बोलावे.

पण मार्कने हाच प्रकार सांगताना एक तपशील दिला आहे. त्या स्त्रीने कुपी फोडली. तेल ओतले गेले, दुसऱ्यासाठी संपले. कुपी कपाटात, काचेमागे, पाहुण्यांना दाखवायला राहिली नाही. महाग हत्यारांच्या बाबतीत आम्ही शोधतो आहोत ती रेषा आम्हाला येथे दिसते. तीस हजारांचा रंधा विकत घेणे ही एक गोष्ट. त्याच्या तळाला चरा पडेल म्हणून बाभळीच्या गाठाळ फळीवर तो न चालवणे ही दुसरी. पहिल्या गोष्टीचा निकाल आम्ही देत नाही. दुसरी घडली, तर तो रंधा न फुटलेली कुपी झाला.

हौशी सुतारांच्या जगात अशा कुप्या पुष्कळ आहेत, हे त्यांच्यापैकीच जाणती माणसे सांगतात. पेटीतून न काढलेले रंधे पुढे जास्त भावाने विकले जातात, म्हणून ते पेटीतून काढायचे नाहीत! यशया संदेष्ट्याने मूर्ती घडवणाऱ्या सुताराचे जे वर्णन केले आहे त्यात सूत, रेघ, कोरणी, कंपास अशी हत्यारे एकामागून एक येतात. त्यातल्या एकाही हत्याराची संदेष्ट्याने टर उडवलेली नाही. त्याने टर उडवली ती एकाच ओंडक्याच्या अर्ध्या भागावर भाकरी भाजून उरलेल्या अर्ध्यापुढे गुडघे टेकणाऱ्याची. ओंडक्याऐवजी कोणी रंध्यापुढे गुडघे टेकले, तर संदेष्ट्याला नवे काही लिहावे लागणार नाही.

सुंदर हत्यार म्हणजे दिखाऊपणाच, असेही नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये हेन्री स्टडली (1838–1925) नावाचा पियानो बनवणारा कारागीर होता. त्याने आपल्या हत्यारांसाठी महोगनीची भिंतीवर टांगायची एक पेटी केली. मिटली की सव्वातीन फूट उंच आणि जेमतेम पावणेदोन फूट रुंद. उघडली की आत दोनशेहून अधिक हत्यारे, प्रत्येकाला आपापला कोनाडा, एका थरामागे दुसरा थर बिजागरीवर फिरणारा, आणि सगळीकडे अबनूस, हस्तिदंत, शिंपल्याचे जडावकाम. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातही ती काही काळ मांडलेली होती. तिच्यापेक्षा नटवलेले सुतारी सामान दाखवणे कठीण. पण ती नक्षी त्याने विकत घेतली नव्हती. ज्या हातांनी तो पियानोत बारीक काम करी, त्याच हातांनी तो आपल्या पटाशीचे घर सजवत होता. कामाविषयीचे प्रेम उतू गेले आणि पेटीवर सांडले. आपल्याकडचे जुने सुतारही पाते बाजारातून आणत आणि रंध्याचा लाकडी देह स्वतः घडवत. त्यावर कोणी एखादे फूल कोरले, कोणी क्रूस. त्या फुलाला किंमत पडली नाही, पण ते फुकटही नव्हते. दुसऱ्याचे उतू गेलेले प्रेम आपण पैसे देऊन घरी आणू शकतो का, हे आम्हाला सांगता येणार नाही. निदान ते प्रेम आपले आहे असे तरी म्हणू नये.

मठवासी जीवनाची नियमावली लिहिणारे संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात हत्यारांचा विचार केला होता, हे अनेकांना ठाऊक नसेल. मठाच्या कोठाराधिकाऱ्याने तेथील भांडीकुंडी आणि सामान वेदीवरील पवित्र पात्रांसारखे मानावे, असे ते सांगतात. पुढच्याच प्रकरणात मठाधिपतीने कोणाला काय दिले याची यादी ठेवावी, आणि जो वस्तू अस्वच्छ ठेवील किंवा हेळसांड करील त्याला समज द्यावी, असे आहे. कुदळ आणि चषक एका पंक्तीला! मात्र याच नियमावलीत कारागिरांविषयी वेगळे प्रकरण आहे. कोणाला आपल्या कौशल्याचा गर्व झाला, तर त्याला त्या कामावरून बाजूला करावे; आणि मठात बनलेल्या वस्तू बाहेरच्यापेक्षा थोड्या कमी भावाने विकाव्यात. म्हणजे हत्याराला मान द्यायचा तो पुसून, धार लावून, जागेवर ठेवून. त्याने मालकाला मान मिळावा ही अपेक्षा नाही. दोन हजारांचा रंधा असा मान घेऊ शकतो, तीस हजारांचाही. आणि दोघेही गंजू शकतात.

शिकवणाऱ्याची गोष्ट मघाशी निघाली होती. जॉर्ज नाकाशिमा (1905–1990) हे जपानी आईवडिलांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेले वास्तुशिल्पी. भारताशी त्यांचा जवळचा संबंध होता: पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमातील गोलकोंडा या इमारतीच्या बांधकामासाठी ते 1930 च्या दशकात तेथे राहिले, आणि आश्रमात त्यांना 'सुंदरानंद' असे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबले. 1942 साली नाकाशिमा, त्यांची पत्नी आणि तान्ही मुलगी आयडाहोच्या वाळवंटी मिनिडोका छावणीत गेली. तेथे गेंतारो हिकोगावा नावाचे, जपानी परंपरेत तयार झालेले एक सुतार होते. फेकलेल्या लाकडांतून, वाळवंटातल्या खुरट्या झुडपांतून आणि हाताच्या साध्या जपानी हत्यारांतून नाकाशिमा त्यांच्यापाशी सुतारकाम शिकले. पुढे ते जगप्रसिद्ध झाले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठीही त्यांनी काम केले. नाकाशिमा कॅथलिक झाले होते, आणि क्योतोजवळ कात्सुरा येथील ख्रिस्तराजाचे देवालय त्यांनी उभारले. छावणीत त्यांना कोणी उत्तम हत्यारांचे पुस्तक दाखवले असते, तर त्याचा काय उपयोग होता? एक माणूस शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, असे नाही, असे धर.

आपल्या गावातही असे शेजारी उभे राहणारे आहेत, पण थोडे. प्लायवुड आणि सनमायका आल्यापासून मिस्त्रींच्या पिशवीत रंधा असतो, निघतो मात्र क्वचित. एका वयस्क मिस्त्रींची पटाशी आम्ही मुद्दाम हातात घेऊन पाहिली. नवी असताना तिचे पाते वीतभर होते म्हणे. आता ते चार बोटांवर आले आहे. उरलेले सगळे धारेच्या दगडावर गेले. मूठ तीनदा बदलली. किंमत त्यांना आठवत नाही.

तेव्हा त्या कुटुंबाला आम्ही जे कळवले ते येथेही देतो, त्यांच्या परवानगीने. मुलाने नाताळला रंधा आणू नये. त्याऐवजी धार लावायचे दोन चांगले दगड आणावेत, एक भरड आणि एक अगदी बारीक. त्यांना रंध्याच्या मानाने थोडेच पैसे लागतील आणि घरातल्या सुऱ्या-विळ्यांनाही त्यांचा उपयोग होईल. रंधा आपल्या बाजारातला घ्यावा. त्याचा तळ सपाट करण्यात दोन रविवार जातील, मिस्सेनंतरचे घ्यावेत. पट्टी धारेजवळ कशी आणायची ते वर सांगितलेल्या मिस्त्रींना विचारावे, आणि विचारायला जाताना त्यांच्या वेळेचे पैसे नीट ठरवून द्यावेत, 'जरा दाखवा हो' म्हणून फुकटात उरकू नये. मग ओट्याखालची चार दारे सागाची करावीत. सागाच्या लाकडात जात्याच वाळूसारखे बारीक कण असतात, धार लवकर मारते. पहिल्याच दाराला पाते दहा वेळा काढावे लागेल. चौथ्या दारापर्यंत त्यांना आपल्या रंध्यात नेमके काय कमी आहे ते कळलेले असेल. ते कळल्यावरही ब्राँझच्या रंध्याची ओढ उरली, आणि बाईंनी दारे पाहून मान हलवली, तर पुढच्या नाताळला मुलाला खुशाल सांगावे.

मापे घेऊन झाली आहेत, असे परवा समजले. एक दार दुसऱ्यापेक्षा पाव इंच अरुंद भरते आहे. ओटा बांधणाऱ्या गवंड्याचा गुण्या कसा होता कोणास ठाऊक.